भाड्याच्या सर्व्हरमधली जुनी हार्ड डिस्क: बदलायची की चालू द्यायची?

हे तालुक्याच्या गावातल्या पतसंस्था, सेवा सहकारी सोसायट्या, जिनिंग, राइस मिल आणि शाळांसाठी आहे. सर्व्हर नागपूर किंवा अमरावतीच्या पुरवठादाराकडून महिन्याच्या भाड्यावर घेतलेला, चार-पाच वर्षं जुना, आत दोन साटा डिस्क, वर विंडोज आणि टॅली किंवा संस्थेचं सॉफ्टवेअर. मे महिन्यात तक्रार येते, डिस्क बदलली जाते, आणि दिवाळीनंतर हंगाम लागला की तीच तक्रार पुन्हा उभी राहते. दोष फक्त डिस्कच्या वयात असता तर नवी डिस्क टाकल्यावर तो मिटायला हवा होता.

लक्षणं

सकाळी तीन-चार मिनिटांत सुरू होणारा सर्व्हर पंधरा मिनिटं घेतो. व्हाउचर सेव्ह करताना सगळ्या टेबलांवरचे संगणक वीस-तीस सेकंद एकदम थिजतात आणि मग एकदमच पुढे सरकतात. रोजचा बॅकअप त्याच एका फाइलवर अडकतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एक एमबीही नसतं. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम विभागात ‘डिस्क’ या नावाखाली ७, ११, ५१ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसतात. लाईन जाऊन आली की रेड (दोन डिस्कांवर एकच डेटा ठेवणारी जोडी) ‘डिग्रेडेड’ होतो, म्हणजे एका डिस्कवर येतो, आणि डब्यावरचा दिवा पिवळा लागतो.

हा थिजण्याचा प्रकार नीट समजून घ्या. सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा एक छोटा कप्पा) वाचता आला नाही की डिस्क लगेच ‘जमत नाही’ असं सांगत नाही. ती तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते. तेवढा वेळ मागची सगळी कामं रांगेत उभी राहतात. म्हणून नेट किंवा टॅली हळू झाल्यासारखं वाटतं आणि लोक राउटर बदलत बसतात.

डिस्कमधून ठरावीक तालात टकटक येत असेल, किंवा फिरण्याचा आवाज वाढून एकदम थांबत असेल, तर खालचं काहीही करू नका. सर्व्हर बंद करा आणि ‘कुठे थांबायचं’ हा भाग वाचा.

सगळ्यात आधी बॅकअप

तपासणीसुद्धा डिस्कला कामाला लावते, म्हणून बॅकअप आधी. बाहेरच्या डिस्कवर पहिल्यांदा छोटा पण जीव असलेला डेटा घ्या: टॅलीचं डेटा फोल्डर, सभासदांच्या खात्यांचा डेटाबेस, चालू वर्षाचे हिशेब. हे बहुधा एक-दोन जीबीतच मावतं. जुने फोटो, स्कॅन केलेले सातबारा, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग नंतर. मरणाऱ्या डिस्कवर पाचशे जीबीची सरसकट कॉपी लावली, की महत्त्वाच्या फोल्डरची पाळी येण्याआधीच ती बसू शकते.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. दुसऱ्या संगणकावर कंपनी उघडा, कालची शेवटची नोंद दिसते का ते बघा. दोन डिस्कांचा रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते.

बॅकअप नसताना विंडोजची चेकडिस्क (chkdsk) ही आज्ञा ‘आर’ पर्यायासह चालवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ती आज्ञा अख्खी डिस्क वाचते, खराब जागांवर तासन्‌तास अडखळते आणि फाइल सिस्टिममध्ये (फाइलींची नोंद ठेवणाऱ्या मांडणीत) बदलही करते. ती फाइल सिस्टिम सांधण्यासाठी आहे, डिस्कचं यंत्र सुधारण्यासाठी नाही.

पहिली तपासणी: सर्व्हर ठेवलाय कुठे (खर्च शून्य)

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पंख्यावर चालणाऱ्या खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात आणि डब्यातली डिस्क खोलीपेक्षा साधारण दहा अंशांनी जास्त तापलेली असते. म्हणजे ५०. बहुतेक डिस्कांची कमाल मर्यादा ६० असते; पुढच्या जाळीत धूळ बसली की तिथवर जायला वेळ लागत नाही. दुपारी तीन वाजताचं डिस्कचं तापमान लिहून ठेवा. ४५ च्या आत उत्तम, सतत ५० च्या वर असेल तर आधी हवा सुधारा.

कूलरबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे सर्व्हरची खोली थंड करायची म्हणजे डेझर्ट कूलर त्याच्या तोंडासमोर ठेवायचा ही पद्धत आहे. कूलरची हवा थंड असली तरी ओली असते. त्यातून येणारे बारीक थेंब सुकले की बोअरच्या जड पाण्यातले क्षार मागे राहतात. साटा कनेक्टरवर, पॉवर सप्लायच्या जाळीवर, रॅमच्या पट्टीवर हा पांढरा थर दिसतो. धूळ त्या ओलाव्यात चिकटून घट्ट बसते. जिनिंगजवळ असाल तर रुईचे तंतू पंख्यात नमदा झाल्यासारखे जमतात. कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा झोत सर्व्हरवर नको. दोन्हींमध्ये सात-आठ फूट अंतर आणि समोरची खिडकी उघडी, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. सर्व्हर जमिनीवर ठेवू नका, दीड फूट उंच टेबलावर ठेवा. हंगामात दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांनी, सर्व्हर बंद करून ब्लोअरने जाळी साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने ते वेगात फिरलं तर बेअरिंग खराब होतं.

दुसरी तपासणी: डिस्क स्वतः काय सांगते (खर्च शून्य)

प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद ‘स्मार्ट’ या नावाने आतच ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रॉ व्हॅल्यूचा (मूळ आकड्याचा) रकाना मुळात सोळाच्या पायात असतो, म्हणजे त्यात ए ते एफ ही अक्षरंही अंक असतात, आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते: ‘९सी४०’ म्हणजे ४०,००० तास. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दहाच्या पायावर करून घ्या, मग वाचा. डावीकडचे क्रमांक मात्र सोळाच्याच पायात राहतात, म्हणून खाली दोन्ही दिले आहेत.

०५, म्हणजे क्रमांक ५: खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर.
सी५, म्हणजे १९७: वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. यांच्यात डेटा अडकलेला असतो. नव्या डिस्कांवर हा आकडा पुष्कळदा आठच्या पटीत वाढतो, कारण ४,०९६ बाइटच्या एका खऱ्या सेक्टरमध्ये ५१२ बाइटचे आठ मोजले जातात.
सी६, म्हणजे १९८, आणि बीबी, म्हणजे १८७: दुरुस्त न होऊ शकलेल्या चुका.
सी७, म्हणजे १९९: डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर झालेल्या चुका. याचा संशय केबलवर.
सी०, म्हणजे १९२: वीज अचानक गेल्यामुळे डिस्क वाचणारं-लिहिणारं हेड घाईने मागे घ्यावं लागलं ते प्रसंग.
०९: चालू राहिल्याचे तास. वर्षाचे ८,७६० धरा.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर अवाढव्य आकडे दिसतात. ते त्या कंपनीच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे असतात, त्यावरून डिस्क बाद करू नका.

आजचा एक आकडा फारसं सांगत नाही, आकडा वाढतो का हे सांगतं. वहीत तारीख, डिस्कचा सीरियल नंबर आणि हे सात आकडे लिहा, आठवड्याने पुन्हा लिहा. ०५ समोर ८ आहे आणि वर्षभर ८ च आहे, तर ती डिस्क काम करू शकते. आज ८, सोमवारी २४, पुढच्या सोमवारी ११२, तर तिचे दिवस भरले.

गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी, तापमान सोडलं तर, एकाही आकड्यातून आधी इशारा दिलेला नव्हता. म्हणून आकडे बिघडले तर ते खरे माना, पण आकडे शून्य आहेत म्हणून बॅकअप बंद करू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फोला डिस्कच दिसत नसतील तर त्या रेड कार्डाच्या (रेड सांभाळणाऱ्या वेगळ्या कार्डाच्या) मागे आहेत. मग त्या कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं. ते पुरवठादाराकडून मागून घ्या. सास प्रकारच्या (साटापेक्षा वेगळ्या जोडणीच्या) डिस्कवर हे क्रमांक नसतात, तिथे ‘ग्रोन डिफेक्ट’ची, म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांची, यादी वाढते का ते बघायचं.

तिसरी तपासणी: केबल (शंभर-दीडशे रुपये)

फक्त सी७ वाढतोय आणि ०५, सी५, सी६ शून्य आहेत, तर डिस्क बहुधा निर्दोष आहे. अशा कितीतरी चांगल्या डिस्क ‘खराब’ म्हणून परत जातात. सर्व्हर बंद करा, प्लग काढा, साटा केबल नवी आणि लॉकची पट्टी असलेली लावा. पॉवरचा कनेक्टरही काढून पुन्हा बसवा; जुन्या मोलेक्सवरून (चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटाचा जोड काढलेला असेल तर तो जोडच टाकून द्या, तो सैल होतो आणि जळतोही. सी७ चा जुना आकडा शून्यावर कधीच येत नाही. तो होता तिथेच थांबला तर काम झालं. केबल बदलूनही वाढत असेल तर बोर्डावरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.

चौथी तपासणी: लाईन

गावाकडे डिस्क लवकर जाण्याचं हे मोठं कारण आहे आणि पुरवठादार ते कधीच तपासत नाही, कारण तो येतो तेव्हा लाईन असते.

सी० चा आकडा लिहा. सर्व्हर रीतसर बंद करून पुन्हा सुरू करा आणि आकडा वाढला का ते बघा. काही डिस्क रीतसर बंद करण्यालाही मोजतात. तुमची तशी नसेल तर आता प्रत्येक वेळी लाईन गेल्यावर बघा. लाईन गेली की आकडा एकाने वाढतो, याचा अर्थ यूपीएसचा लाल दिवा लागतो पण बॅटरी सर्व्हरला धरत नाही. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी थंड खोलीत तीनेक वर्षं जाते, पण तापमान २५ च्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे दर दोन वर्षांनी ती बदलायचीच असं धरून चाला.

सर्व्हर घरगुती इन्व्हर्टरवर असेल तर मागचं बटण बघा. ते ‘यूपीएस’वर हवं, ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’वर नको. यूपीएस मोडमध्ये बॅटरीवर जाण्याची उडी इतकी जलद असते की सर्व्हरला ती कळत नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की या मोडला कमी व्होल्टेज सहन होत नाही. शेतीपंप सुरू झाले आणि व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, तासाभराने बॅटरी संपते आणि सर्व्हर धाडकन बसतो. अशा गावात इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लागतो.

अर्थिंगही बघून घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि पट्टी मातीपासून सुटते. मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज दोन-तीनच्या आत असावं. सतत पाचच्या वर असेल तर अर्थिंग नव्याने करावं लागेल. हे मोजमाप आणि दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पाचवी तपासणी: लांब चाचणी (एक रात्र)

बॅकअप हातात असेल तरच. स्मार्टची ‘एक्स्टेंडेड’ चाचणी डिस्कचा पृष्ठभाग पूर्ण वाचून काढते. २ टीबीच्या डिस्कला साधारण चार-पाच तास, ४ टीबीला सात-आठ तास लागतात. सर्व्हरवर काम चालू असेल तर जास्त. शनिवारी संध्याकाळी लावा. लिनक्सवर ती स्मार्टसीटीएलमधूनच लागते, विंडोजवर डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या मोफत साधनातून. मधल्या काळात डिस्क झोपी जाणार नाही असं पॉवर सेटिंग ठेवा.

‘रीड फेल्युअर’ असा निकाल आला तर पुढे विचार करायचा नाही, ती डिस्क बदलायची. ‘बॅड सेक्टर रिपेअर’ करणारी सॉफ्टवेअर वापरून तिला हिरवं करून घेऊ नका. त्याने वाईट जागा झाकली जाते, पसरायची थांबत नाही.

मग बदलायची कधी?

रेडमध्ये दोन डिस्क आहेत, तास ३०,००० च्या आत आणि सातांपैकी चुकांचे सगळे आकडे शून्य: हात लावू नका. चालती डिस्क काढून नवी टाकण्यातही धोका असतो.

रेड आहे, तास ४५,००० च्या पुढे, आकडे शून्य: केवळ वयावरून दोन्ही बदलण्याची गरज नाही. पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतील तर एक आत्ताच बदलून घ्या. सारख्या वयाच्या, सारखी उष्णता आणि सारखे झटके खाल्लेल्या दोन डिस्क पाठोपाठ जाऊ शकतात. एक गेल्यावर दुसरीला रात्रभर संपूर्ण वाचून काढावं लागतं आणि तिचा कस नेमका तेव्हाच लागतो.

रेड नाही, एकच डिस्क, पाच वर्षं झाली: आकडे कसेही असोत, बदला. इथे वय एवढं कारण पुरेसं आहे.

०५ वाढतोय, किंवा सी५, सी६ शून्याच्या वर टिकून आहेत, किंवा बीबी शून्य नाही: बदला, आणि ३१ मार्चच्या धावपळीत किंवा खरेदीच्या हंगामात ती वेळ येईपर्यंत थांबू नका.

भाड्याच्या सर्व्हरमधली डिस्क पुरवठादाराची असते, त्यामुळे ती बदलून देण्याचं काम साधारणपणे त्याचंच. करारात काय लिहिलंय ते एकदा वाचा. ‘सर्व्हर हळू चालतो’ अशा फोनवर तो रिस्टार्ट करायला सांगेल. तक्रार लेखी द्या: सीरियल नंबर, दोन तारखांचे आकडे, लांब चाचणीचा निकाल, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींचा फोटो. बदलून आलेली डिस्क लावण्याआधी तिचे तास बघा. नवी म्हणून दिलेली डिस्क २०,००० तास चाललेली निघू शकते. सीगेटच्या बऱ्याच डिस्कांत ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते; स्मार्टचे तास शून्य केलेले असले तरी तिथे बहुधा खरे तास सापडतात आणि स्मार्टसीटीएलची ७.४ पासूनची आवृत्ती ते दाखवते. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, आणि सीएमआर प्रकारची (डेटाच्या रेघा शेजारी-शेजारी लिहिणारी) हवी. एसएमआर (रेघा एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर रेड पुन्हा भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो, कधी तो मध्येच तुटतो.

बदलताना एवढं सांभाळा: सॉफ्टवेअरमध्ये खराब डिस्कचा सीरियल नंबर बघा आणि बाहेर काढलेल्या डिस्कच्या लेबलवर तोच आहे याची खात्री करा. ‘वरची’ आणि ‘खालची’ यावर विश्वास ठेवून चांगली डिस्क ओढली जाते आणि रेड तिथेच संपतो. पुढून ओढायचे ट्रे नसतील तर सर्व्हर बंद करूनच काढा. रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत यूपीएसवरचा बाकी सगळा भार, विशेषतः प्रिंटर, काढून ठेवा.

सर्व्हर मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने असेल तर कूलर आणि लाईनचा भाग सोडून द्या, बाकी आकडे तेच. तिकिटात (त्यांच्याकडे नोंदवायच्या तक्रारीत) काढायच्या डिस्कचा सीरियल नंबर लिहाच, चांगल्या डिस्कचाही लिहा. बूटलोडर (सर्व्हर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) दोन्ही डिस्कांवर आहे का ते आधी तपासा, नाहीतर पहिली डिस्क काढल्यावर सर्व्हर उठणारच नाही.

कुठे थांबायचं

टकटक किंवा घासल्याचा आवाज. डिस्क बायोसमध्येच (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. जळका वास. दोन्ही डिस्क एकाच वेळी ‘फेल’. विंडोज ‘डिस्क इनिशियलाइज करायची का’ विचारतंय, किंवा रेड कार्ड ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (डिस्कांवर आधीपासून असलेली रेडची मांडणी) क्लिअर करायचं का विचारतंय आणि डेटाची दुसरी प्रत नाही. यांपैकी काहीही झालं तर कोणतंही बटण न दाबता सर्व्हर बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेला फोन करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं, डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं, तिचं झाकण उघडणं, यातलं काहीही नको. हेड पृष्ठभागावर घासत असेल तर प्रत्येक सुरुवातीला थोडा डेटा कायमचा खरवडला जातो. काम नेहमीच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडेही देऊ नका. तपासणीचा खर्च आणि डेटा न निघाल्यास किती पैसे लागतील हे आधी लेखी घ्या.

डिस्क नागपूरला न्यायची तर अँटीस्टॅटिक पिशवीत, वर बबल रॅपचे तीन-चार वेढे, आणि दोन्ही डिस्कांवर ट्रेचा क्रमांक लिहिलेली पट्टी. एसटीत ती डिकीत किंवा पायाशी नको, मांडीवर घेऊन बसा.

पुरवठादाराला परत जाणारी डिस्क चालत असेल तर ती एकदा संपूर्ण शून्यांनी लिहून काढा. नुसतं क्विक फॉरमॅट केल्याने सभासदांचे आधार, पॅन आणि खात्यांचे तपशील तसेच राहतात. चालत नसेल तर ती पुसताच येत नाही. तिची किंमत देऊन ती ठेवून घ्या आणि ड्रिलने प्लेट्सच्या आरपार तीन-चार भोकं पाडा. करार नव्याने होईल तेव्हा बंद पडलेली डिस्क परत न देण्याचं कलम त्यात घालून घ्या.